मावल्याचं प्रसारण

माझ्याच खोलीत मला चपला घालून जायची मनाई होती. भाडं मी भरत होते, कुलूप माझं होतं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडायच्या आधीच बाजूच्या अडगळीच्या खोलीतून आवाज यायचा, "चपला!" का, तर आत मशिनरी आहे. मशिनरी म्हणजे मावसभावानं दुबईला जाताना मला देऊन टाकलेला एक जुना गेमिंग कन्सोल, एक टीव्ही, एक माइक आणि माझ्या हातांवर रोखलेला एक छोटा कॅमेरा. धूळ गेली तर चित्र बिघडतं, असं आवाज देणाऱ्याचं म्हणणं होतं. मी चपला काढत असे. आज आठवलं की स्वतःचाच संताप येतो. इतकं निमूटपणे मी त्या माणसाचं सगळं ऐकलं.

ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायची. आदिलाबादला चिकटलेलं मावला हे त्यांचं गाव, तेही सगळं त्यांना काकाच म्हणायचं. टीव्हीच्या रिले केंद्रावर ते तंत्रज्ञ होते. टेकाडावर एक टॉवर, खाली एक खोली, खोलीत ट्रान्समीटर. वरून येणारं चित्र पकडायचं आणि आसपासच्या गावांना सोडायचं, एवढंच त्या केंद्राचं काम. मग घरोघरी छतावर डिशच्या थाळ्या आल्या, केंद्र बंद पडलं आणि काका पेन्शनवर आले. पण ड्युटी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लाइन टेस्टर असायचा. वेळ विचारली तर संध्याकाळच्या सात वाजून पाच मिनिटांना ते "एकोणीस शून्य पाच" म्हणायचे. बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या बाईलासुद्धा.

मी तेव्हा आदिलाबादेत एका सरकारी कार्यालयात ज्युनिअर असिस्टंट होते. आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेलगतचं, जैनथकडचं. आजोबा दुसऱ्यांच्या कापसात राबले, वडील मास्तर झाले, मी परीक्षा देऊन टेबलावर बसले. दिवसभर तेलुगूतल्या फायली हिंडवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना मान हलवायची. घरी आले की मी मारामारीचा गेम खेळायची. दिवसभर मान हलवणाऱ्या बाईला संध्याकाळी कोणाच्या तरी छातीत लाथ घालावीशी वाटते, यात नवल काही नाही. मी बरी खेळत होते. बरी म्हणजे चांगलीच. ते लोकांना दाखवावं, खेळता खेळता आपल्या बोलीत बोलावं, असं मनात आलं. त्यातून हे सगळं सुरू झालं.

पहिल्या संध्याकाळी मी कन्सोलची वायर लॅपटॉपमध्ये खुपसली आणि चित्र येण्याची वाट पाहत बसले. काही येईना. वायर काढली, घातली, काढली, घातली, आणि शेवटी कन्सोलला एक सणसणीत शिवी घातली. काका खालून वर आले. कन्सोल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वाकून त्यांनी लॅपटॉपची कड पाहिली.

"हे भोक भाएर जायाचं हाये, बेटा," ते म्हणाले. "आत याले इथून रस्ता नाही. तू तीन घंट्यापासून भिंतीवर डोकं आपटून राह्यली."

"तुमाले कसं माहीत?"

"आत आणि भाएर. तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

मग विचारपूस करून आम्ही कॅप्चर कार्ड मागवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा. कन्सोलची वायर त्यात जाते, एक वायर निघून टीव्हीला जाते, एक कंप्युटरला. टीव्हीवर पाहून खेळायचं. तेच चित्र कंप्युटर उचलतो आणि इंटरनेटवरून जगाला पाठवतो. डबा आला, जोडला, तर कंप्युटरवर नुसता काळाकुट्ट चौकोन. तीन संध्याकाळी तो चौकोन आमच्याकडे पाहत होता. काका मला बोलले, मी त्यांना बोलले, "शिकलेल्या लोकायले मॅन्युअल वाचता येत नाही" हेही मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनीच भिंग लावून शोधून काढलं, की नक्कल होऊ नये म्हणून कन्सोलमध्येच एक कुलूप असतं आणि ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. चित्र आलं. मी टाळ्या पिटल्या. काकांनी लांबोडी वही काढली आणि लिहिलं, "१९.४० चित्र आलं."

ती वही हा एक वेगळाच छळ होता. रोज तिच्यात नोंद. प्रसारण सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, चित्र ठीक, आवाज ठीक, आणि खाली माझी सही. स्ट्रीमिंग हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. ते प्रसारणच म्हणायचे. एकदा पुण्याच्या एका नावाजलेल्या खेळाडूला मी शेवटच्या फेरीत लोळवलं. ओरडून ओरडून माझा घसा बसला, चॅटवर लोक नाचत होते. मी धावत बाजूच्या खोलीत गेले. काकांनी हेडफोन काढला, वही पुढं केली. "आवाज दोनदा फाटला." कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गेम त्यांनी कधीच पाहिला नाही. ते फक्त चित्र जातंय का, ते पाहायचे.

माइकमधून घरघर यायची. मला ती ऐकूही येत नव्हती, काकांना झोप येईना. अर्थिंग खराब आहे, असा निकाल त्यांनी दिला आणि भर मे महिन्यात घरामागं स्वतः खड्डा खणायला घेतला. सत्तरीला टेकलेला माणूस, डोक्याला ओला पंचा, हातात सब्बल. शेजारी विचारायचे, बोअर मारता का? काका खणत राहायचे. खड्ड्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं, आणि रोज सकाळी एक बादली पाणी. काकू चिडायच्या, "माह्या तुळशीले तांब्याभर पाणी देऊन नाही राह्यले, गड्ड्याले बादली!" पण घरघर गेली. इतकी गेली, की पहिल्यांदा मी स्वतःचा आवाज नीट ऐकला. मला वाटायचं तसा तो बारीक नव्हता.

मग चित्र आणि आवाज जुळेना. माझा आवाज पुढं पळायचा, चित्र मागून यायचं. हातांवरच्या कॅमेऱ्यासमोर काकांनी मला टाळ्या वाजवायला लावल्या. एक टाळी, सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा, पुन्हा टाळी. तळहात लाल झाले. "अजून एक," ते म्हणायचे. "आवाज आणि चित्र एका टायमाले पोचलं पायजे. नाहीतर माणूस खोटं बोलते असं वाटते."

माझा लॅपटॉप हे ओझं झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा जुना डेस्कटॉप आणला, त्यात काय काय भरलं आणि तो बाजूच्या अडगळीच्या खोलीत मांडला. पंख्याचा आवाज माइकमध्ये नको म्हणून. भिंतीला भोक पाडून वायरी तिकडं नेल्या. तेव्हापासून तीच कंट्रोल रूम. ते तिकडं हेडफोन लावून बसायचे, मी इकडं टीव्हीसमोर. माझे दोन नियम ठरले. बाहेर जाणारं चित्र मी पाहायचं नाही, कारण ते काही सेकंद उशिरा असतं आणि पाहिलं की हात चुकतो. आणि फोन फ्लाइट मोडवर, फक्त घरच्या वायफायवर. त्यावर चॅट तेवढं दिसेल, पण कोणाचा कॉल माइकमध्ये कडकडणार नाही. शिवाय प्रत्येक प्रसारणाचं रेकॉर्डिंग त्यांच्या डेस्कटॉपवर व्हायचं. मी म्हटलं, कायले जागा अडवता? ते म्हणाले, "पाठवलेलं निघून जाते. एक प्रत आपल्यापाशी पायजे."

या माणसाला एवढं काय पडलं होतं? मी एकदा विचारलं. संध्याकाळचं काम आटोपलं होतं, काकूंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा वर पाठवला होता.

"तीस वर्षं लोकायचं चित्र इथं सोडलं, बेटा," काका म्हणाले. "दिल्लीचं. हैदराबादचं. इथचं चित्र एक डावही भाएर गेलं नाही. मशीनच तशी होती. फक्त आत घेणारी. तू बोलते ना, 'आता पाह्य कशी लाथ घालतो', ते कुठं कुठं आयकू जाते? नागपूर? पुणं?"

"जर्मनीतबी एक जण आहे."

"जर्मनी," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

त्या माणसाला मी मानत होते, हे सांगायलाच हवं. नाहीतर पुढचा राग कळणार नाही.

मानण्याचं आणखी एक कारण होतं. ते नोकरीत असतानाची गोष्ट. एका बड्या साहेबाच्या घरी लग्न होतं, वीज जायची भीती होती, म्हणून साहेबानं फोन करून केंद्राचं जनरेटर मागवलं. काका म्हणाले, जनरेटर दिलं आणि वीज गेली तर प्रसारण बंद पडेल. साहेब म्हणाला, पडू दे, दोन घंटे. काका म्हणाले, नाही. त्या 'नाही'पायी त्यांची बदली झाली आणि चार वर्षं ते इंद्रवेल्लीच्या पलीकडं जंगलात एकटे राहिले. ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही, काकूंनी सांगितली. काका एवढंच म्हणायचे, "माह्या हातानं चित्र कधी बंद झालं नाही."

आता काकांच्या पुतण्याकडं येते.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकांच्या भावाचा मुलगा हेच त्यांचं सगळं. तिशीचा गडी, कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. दर रविवारी यायचा, काकूंसाठी फळं आणायचा, काकांची औषधं आणायचा, गोड बोलायचा. त्याचं नाव मी एकदा जाहीरपणे घेतलं आहे. इथं घेणार नाही. या पानावर मला ते नको आहे.

एका रविवारी तो वर आला. मशिनरी पाहिली, वायरी पाहिल्या, टीव्हीच्या मागं फळीवर माझी छोटी बुद्धमूर्ती होती, ती पाहिली. माझं गाव विचारलं. गावात कोणत्या आळीत घर, ते विचारलं. वडलांचं नाव विचारलं. मी सगळं सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं. तो "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि काकूंनी खालून त्याच्या हाती पाठवलेला चहा न पिताच परत गेला.

त्यानंतर आठेक दिवसांनी चॅटवर घाण सुरू झाली. बाई गेम खेळते म्हटल्यावर घाण नवी नव्हती. पण ही वेगळी होती. खोट्या नावाचं एक खातं रोज यायचं. आधी माझ्या बोलण्यावर. मग माझ्या जातीवर. मग वडलांच्या नावासकट, गावासकट. आमच्या लोकांनी कुठं बसावं, काय उचलावं, आणि माझे हे दोन हात कशासाठी आहेत, हे तो लिहायचा. मी त्याला बंद करायची, तो नव्या नावानं यायचा. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडं पाहू नको. चित्र ठीक हाये." चॅट त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. चॅट म्हणजे त्यांच्या लेखी प्रसारण नव्हतं.

त्या दिवशी सात वाजून गेले होते. मी दुसरी फेरी खेळत होते. त्यानं लिहिलं, "मागं मूर्ती ठेवून खेळते, म्हणून जिंकते वाटते." पुढं एक घाणेरडी ओळ.

माझे हात थांबले. कॅमेरा माझ्या हातांवर होता. ती फळी कोणाला दिसणं शक्य नव्हतं. जर्मनीला नाही, पुण्याला नाही. त्या खोलीत माझ्याशिवाय दोनच माणसं आली होती. एक भिंतीपलीकडं बसला होता. दुसरा रविवारी येऊन गेला होता.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बोलायला लागले. "मी तुला ओळखलं," मी म्हटलं. "तू रविवारी ह्याच जिन्यानं वर आला होता. माझ्या बापाचं नाव तू मलेच विचारलं होतं." आणि पुढं बोलत गेले. माझे आजोबा त्याच्या लोकांच्या शेतात कसे राबले, विहिरीवर त्यांना घोटभर पाणी कसं वरून ओतून मिळायचं, माझ्या आईला शाळेत कुठं बसवत. मी कोणत्या परीक्षेत कितवी आले. मग मी त्याचं नाव घेतलं. तो कुठं काम करतो ते सांगितलं. पुन्हा नाव घेतलं. आयुष्यात मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. साहेबापुढं नाही, कॉलेजात नाही, कुठंच नाही. हात हलत होते, आवाज कापत नव्हता.

फोनवरचं चॅट थांबलं होतं. एकही ओळ हलत नव्हती. मला वाटलं, मी सगळ्यांना गप्प बसवलं.

बोलून संपलं, तेव्हा मी पाणी प्यायले आणि बाजूच्या खोलीत गेले. काका हेडफोन लावून बसले होते. राउटरमध्ये येणारी बाहेरची वायर त्यांच्या हातात होती. नुसती, लोंबकळणारी.

"लाइन कवा गेली?" मी विचारलं.

"गेली नाही. म्या काढली."

"कवा?"

"एकोणीस बावीस. तू त्याले 'तुला ओळखलं' म्हणाली, त्याच्या मांगून लगेच."

मी घड्याळ पाहिलं. सात तेहेतीस. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं मी भिंतीशी बोलत होते.

"काऊन?"

"त्याचा फोन आला. काका, बंद करा म्हणे. रडून राह्यला होता."

"आणि मी बोलत होते तवा तुमी काय करत होते?"

"आयकत होतो," काका म्हणाले.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी म्हटलं, "साहेबाले 'नाही' म्हणता आलं तुमाले. त्याले म्हणता नाही आलं. म्हणजे ते जनरेटरबी तुमी माह्यासारखीसाठी नव्हतं वाचवलं. तुमच्या मशीनसाठी वाचवलं." वायर त्यांनी हातातून सोडली नाही. काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "त्याच्याबिगर आमाले कोण हाये, बाई? चुकलं असन पोराचं. मेल्यावर पाणी तर तोच पाजन."

मला त्या वाक्याची आजही शिसारी येते. तिशी गाठलेला गडी, आणि तो पोर. अशा किती घरांत या एका धाकापायी किती बायकांच्या तोंडावर हात ठेवला गेला असेल? पुतण्यानं शिव्या दिल्या त्याचा राग आला, पण तो राग मला माहीत होता. लहानपणापासून ओळखीचा. काकांवरचा राग नवीन होता. ज्यांनी मला माझा आवाज साफ करून दिला, त्यांनीच तो कापला, आणि मला सांगितलंसुद्धा नाही. माझ्या फोनवरचं चॅट थिजलंय, मी काय समजत असेन, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. सगळी मांडणी त्यांचीच होती.

त्याच संध्याकाळी मी कन्सोल पिशवीत भरला आणि रिक्षानं आदिलाबादेतल्या महिला वसतिगृहात ओळखीच्या एका बाईकडं गेले. बाकीचं सामान दुसऱ्या दिवशी आणलं. जाताना चपला घालूनच खोलीभर फिरले.

चौथ्या दिवशी ऑफिसातून परतले तर वसतिगृहाच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून काका उभे. वॉचमन पुरुषांना आत सोडत नसे. किती वेळ उभे होते देवाला ठाऊक. शर्ट पाठीला चिकटला होता. मी न पाहता आत जाणार होते. त्यांनी पेनड्राइव्ह पुढं केला.

"तार इंटरनेटची काढली होती," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग चालूच होतं. अकराच्या अकरा मिनिटं हायेत. चित्र खराब हाये, तुह्ये हात हलून राह्यले होते, फोकस गेला. आवाज मात्र साफ हाये."

"त्याच्यात त्याचं नाव हाये."

"हाये. चार डाव."

"काकूले माहीत हाये तुमी हे घेऊन आले म्हणून?"

"नाही. आता घरी जाऊन सांगन." मग म्हणाले, "म्या ते तीन डाव आयकलं. तू जे मशीनबद्दल बोल्ली नंतर, ते त्याच्यात नाही. पण तेबी आयकलं."

मी पेनड्राइव्ह घेतला. आभार मानले नाहीत. जे माझं होतं ते त्यांच्या हातून घ्यावं लागलं, याचेच मला चटके बसत होते. त्यांनीही माफी मागितली नाही. स्कूटरवर बसले आणि गेले.

वडलांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, नोकरी आहे तुझी, सोडून दे. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव घेतलं ना त्याचं?" मी म्हटलं, घेतलं. "मग ठाण्यात जाय," ते म्हणाले.

रेकॉर्डिंग मी चॅनलवर टाकलं. एक सेकंद न कापता, हललेल्या हातांसकट. दोन दिवसांत काय झालं ते सांगत बसत नाही. नव्या शिव्या आल्या. सीमेवरच्या गावांतल्या बायकांचे निरोपही आले. त्यांत एक आजी होती, नातीच्या फोनवरून बोलली, "पाणी वरून ओतत ते खरं सांगितलं, माय." ठाण्यात तक्रार दिली, केस उभी राहिली, ती अजून चालू आहे, तारखा पडतात. पुतण्याची जिनिंगमधली नोकरी राहिली, पण काकांच्या घरी तो पुन्हा आला नाही. काकू मला बाजारात दिसल्या की रस्ता बदलतात. मी आता मला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमधून प्रसारण करते. हा शब्द माझ्या तोंडातून जात नाही. अर्थिंग मी स्वतः करून घेतलं. कंट्रोल रूममध्ये दुसरं कोणी बसत नाही.

राहिला ठाण्यातला तो दिवस.

रेकॉर्डिंग कोणी केलं, हा प्रश्न येणारच होता. काकांना बोलावलं गेलं आणि ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत घेऊन. समोरच्या बाकावर पुतण्या बसला होता. काकांना पाहून तो अर्धवट उठला आणि लहान पोरासारखं "काका" म्हणाला. काकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग लेखी काम करणाऱ्या महिला पोलिसाच्या टेबलापुढं जाऊन बसले.

ती तेलुगूत टाइप करत होती. रेकॉर्डिंग कोणाच्या कंप्युटरवर झालं, कोणत्या दिवशी, किती वाजता. काका वही पाहून सांगत होते. तिचं झालं. ती म्हणाली, बस, सही करा.

"पुढचं लिहा," काका म्हणाले. "एकोणीस बावीसला मी इंटरनेटची तार काढली."

"अवसरम लेदु, सार," ती म्हणाली. गरज नाही त्याची.

"रायंडी," काका म्हणाले. लिहाच.

तिनं मान वर करून पाहिलं. मग टाइप केलं.

"त्याचा फोन आला होता म्हणून काढली," काका म्हणाले आणि बाकाकडं बोट केलं. "धमकी नव्हती. रडत होता. मी माह्या मनानं काढली. आणि ही बाई बोलत होती तवा तिले सांगितलं नाही. तेबी लिहा."

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं. एका ठिकाणी तिनं 'चुकून' असा शब्द घातला होता. बहुतेक दयेनं. काकांनी तो काढायला लावला. मग तेलुगू मजकुराखाली मराठीत, पूर्ण नाव लिहून सही केली. पुतण्या खाली मान घालून बसला होता.

आम्ही बाहेर आलो. ऊन तापलं होतं. काका स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले, किल्ली लावली, पण किक मारली नाही.

"राग गेला का तुहा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "मले वाटलं होतं, सही केली का जाईन."

"नाही गेला, काका."

"बरं." त्यांनी किक मारली, स्कूटर चालू झाली. मागची सीट त्यांनी हातानं पुसली, माझ्याकडं न पाहताच म्हणाले, "बस. मावल्याले सोडतो."

"मी आता मावल्यात राहत नाही," मी म्हटलं आणि ऑटो पाहायला रस्त्याकडं निघाले.